दहा कोटींवरून साठ लाखांवर: कृत्रिम बुद्धिमत्ता कौशल्य प्रशिक्षणावरील एका विजयी सादरीकरणाचा प्रकरण अभ्यास

नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पुढाकाराने जमलेल्या पाच जणांच्या संघाने एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ‘देशातील कामकरी लोकांना कृत्रिम बुद्धिमत्तेची कौशल्ये देणारा राष्ट्रीय कार्यक्रम’ या विषयावर प्रस्ताव मांडला आणि पहिला क्रमांक मिळवला. स्पर्धेचे नियम साधे होते. दोन पानी टिपण आधी पाठवायचे, दहा मिनिटे सादरीकरण करायचे आणि पुढची दहा मिनिटे परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा किंवा त्यांचे मिश्रणही चालणार होते. या प्रकरणातील लक्षणीय गोष्ट अशी की तयारीच्या काळात प्रस्तावातील मुख्य आकडा दोनदा खाली आला, आधी दहा कोटींवरून एक कोटीवर आणि मग एक कोटीवरून साठ लाखांवर. स्पर्धेला उतरणारा संघ सहसा आपला आकडा फुगवत नेतो. या संघाने तो घटवला, आणि तो का घटवला हे प्रत्येक सदस्याला सांगता येत होते. माझ्या मते त्याच्या यशाचे मूळ तेथे आहे. सरावसत्रांना मी निरीक्षक म्हणून हजर होतो, त्यामुळे पुढील वर्णन बहुतांशी प्रत्यक्ष पाहिलेल्या चर्चांवर आणि संघाने ठेवलेल्या नोंदींवर आधारलेले आहे. सदस्यांची व संस्थांची नावे हेतुपुरस्सर दिलेली नाहीत, आणि एवढ्याशा लेखात त्यांची गरजही नाही.

संघात संगणक अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी, वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी, शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी आणि यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन रबाळे एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणारा, सायंकाळी पदवीचे वर्ग करणारा एक तरुण असे पाच जण होते. या शेवटच्या सदस्याला संघात घेण्यामागे सुरुवातीला फारसा विचार नव्हता. बाहेरचा एक सदस्य घेण्याची मुभा होती आणि तो एका सदस्याचा शाळासोबती होता, इतकेच.

पहिला मसुदा

पहिल्या बैठकीतून निघालेला मसुदा अशा स्पर्धांत हमखास दिसणाऱ्या मसुद्यांसारखाच होता. पाच वर्षांत दहा कोटी भारतीयांना प्रशिक्षण, त्यासाठी मोबाइल ॲप, ॲपमध्ये बावीस भाषांतून बोलणारा मदतनीस, प्रत्येक धड्यानंतर बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी क्यूआर कोड छापलेले प्रमाणपत्र, अशी त्याची मांडणी होती. संगणक शाखेच्या एका विद्यार्थ्याने ॲपचा चालता नमुनाही तयार केला होता आणि तो खरोखर चांगला होता. मात्र प्रशिक्षण घेणारा माणूस नेमका कोण, हे एकाही स्लाइडवर लिहिलेले नव्हते. शेतकरी, शिक्षिका, बँकेतील लिपिक आणि रिक्षाचालक यांची छायाचित्रे एका ओळीत होती, आणि चौघांसाठी अभ्यासक्रम एकच होता.

हा मसुदा संघाने ठाणे जिल्ह्यातील एका आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायकाचा व्यवसाय शिकवणाऱ्या शिल्पनिदेशक बाईंना दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि दोनच गोष्टी विचारल्या: शिकवणार कोण, आणि शिकून झाल्यावर माणूस कोणाच्या संगणकावर बसणार. ॲपच शिकवेल, असे उत्तर संघाने पहिल्या प्रश्नाला दिले. त्यावर बाईंनी आपला अनुभव सांगितला. फोनवरचा धडा सुरू करणारे पुष्कळ असतात, पण शेजारी उभे राहून ‘हे परत कर’ म्हणणारे कोणी नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या धड्यानंतर फोन खिशात जातो. दुसऱ्या प्रश्नाला संघाकडे उत्तर नव्हते. त्या बैठकीनंतरच्या नोंदवहीत हे दोन प्रश्न पानाच्या माथ्यावर लिहिलेले आहेत, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाचा संबंध त्यांच्याशी लावता येतो.

आधीच काय आहे, याची मोजदाद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने आग्रह धरला की नवा कार्यक्रम सुचवण्याआधी जुने कार्यक्रम मांडून पाहावेत. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघाली. नीती आयोगाने जून २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या राष्ट्रीय धोरणाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला होता. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला हा विषय ऐच्छिक म्हणून आणला होता. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय आणि नॅसकॉम ही आयटी उद्योगांची संघटना यांचे ‘फ्यूचरस्किल्स प्राइम’ हे ऑनलाइन कौशल्य-व्यासपीठ, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरील एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या पुढाकाराने चालणारे, अभ्यासक्रम, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०२५ मध्ये सुरू झालेला ‘सोर’ हा उपक्रम अशी ती यादी पुढे जात होती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘इंडिया एआय मिशन’साठी १०,३७१.९२ कोटी रुपयांची तरतूद होती. त्याच्या सात अंगांपैकी एक अंग कौशल्यांचे होते आणि त्यात दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या शहरांत डेटा व एआय प्रयोगशाळा उभारण्याचा समावेश होता. एवढे सगळे समोर आल्यावर एक गोष्ट उघड झाली. देशात अभ्यासक्रमांची टंचाई नाही, त्यामुळे आणखी एका अभ्यासक्रमाचा प्रस्ताव मांडणारा संघ परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नात अडकणार होता. ॲपचा नमुना त्या दिवशी बाजूला पडला. तो बनवणाऱ्या विद्यार्थ्याला ते जड गेले आणि पुढच्या दोन बैठकांत तो जवळजवळ गप्प होता.

मग टंचाई कशाची आहे, हे शोधण्यासाठी संघाने आधीच्या मोठ्या प्रशिक्षण मोहिमा तपासल्या. येथे शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनीचे काम सर्वांत मोलाचे ठरले, कारण तिने परदेशी उदाहरणांकडे धाव घेण्याआधी घरचे उदाहरण पुढे ठेवले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, २००१ पासून राबवलेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील क्वचितच एखाद्या कुटुंबाला अपरिचित असेल. तो इतका का पसरला, याची तिने केलेली फोड अशी होती: केंद्रे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आणि केंद्रचालकाची कमाई विद्यार्थ्यांवर अवलंबून असल्याने तो स्वतः दारोदार फिरला, शिकण्याचे साहित्य मराठीत होते, अंतिम परीक्षा सगळीकडे सारखी होती, आणि सरकारी नोकरीत या प्रमाणपत्राची अट आल्यामुळे शिकणाऱ्याला ते घेण्याचे ठोस कारण मिळाले. तिच्या मते यातले चौथे कारण सर्वांत प्रबळ होते आणि तेच सर्वांत धोक्याचेही होते. अट असली की माणसे येतात, पण त्यांतले काही जण केवळ कागदासाठी येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला अशी सरकारी अट जोडावी का, यावर संघात बराच वेळ वाद झाला आणि शेवटी ती जोडू नये असे ठरले. साधने वर्षभरात बदलणार असतील, तर एकदा मिळवलेले प्रमाणपत्र आयुष्यभराची अट म्हणून टिकणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटण्याजोगा वाटला.

दुसरे उदाहरण ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियाना’चे होते. २०१७ मध्ये २,३५१.३८ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या या योजनेत सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते, आणि मार्च २०२४ मध्ये योजना संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद होती. म्हणजे कोटींचे उद्दिष्ट गाठण्याची क्षमता आपल्या यंत्रणेत आहे, हे सिद्ध झालेले आहे. परंतु वीस तासांत ओळख होते, कामाची सवय लागत नाही. संघाने येथून ‘ओळख’ आणि ‘सवय’ असे दोन वेगळे स्तर केले आणि आपला प्रस्ताव दुसऱ्या स्तरापुरता मर्यादित ठेवला.

परदेशी उदाहरणांवर त्यांनी एकच स्लाइड खर्च केली, आणि तेवढी पुरेशी होती. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिॲक्टर ही कंपनी यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ या मोफत अभ्यासक्रमाने फिनलंडच्या एक टक्का लोकांना कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. सिंगापूरच्या ‘स्किल्सफ्यूचर’ने पंचवीस वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या नागरिकांच्या नावे ५०० सिंगापूर डॉलरचे प्रशिक्षण-खाते उघडले. पहिल्या देशाने उद्दिष्ट लहान आणि स्पष्ट ठेवले, तर दुसऱ्याने निवड शिकणाऱ्याच्या हाती दिली. भारताला यांपैकी काहीही जसेच्या तसे उचलता येणार नाही, हे सांगून संघ पुढे गेला.

वागळे इस्टेट आणि रबाळे

शिल्पनिदेशक बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोलीत बसून सापडणार नव्हते. ज्याच्यासमोर आजच संगणक आहे आणि ज्याच्या कामात रोज कागद तयार होतो असा, प्रत्येक जिल्ह्यात सापडणारा कर्मचारी निवडावा, असे ठरले. त्यातून लघुउद्योगातील कार्यालयीन कर्मचारी हा गट पुढे आला. कोटेशन बनवणे, परचेस ऑर्डर तपासणे, बिल व ई-वे बिल काढणे, मालासोबत जाणारे टेस्ट सर्टिफिकेट टाइप करणे, ग्राहकाच्या ईमेलला इंग्रजीत उत्तर देणे ही कामे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जशी चालतात, तशीच कोल्हापूरच्या शिरोली किंवा नाशिकच्या अंबड वसाहतीतही चालतात.

संघ जोड्या करून वागळे इस्टेट, रबाळे आणि महापे येथील काही लहान कारखान्यांत गेला. रबाळ्यात काम करणाऱ्या सदस्यामुळे दारे उघडली. वॉचमनच्या टेबलावरून परत फिरावे लागले नाही. तेथे जे दिसले त्याने प्रस्तावाचा गाभाच बदलला. कृत्रिम बुद्धिमत्ता अजून येथे पोहोचायची आहे, असे गृहीत धरून संघ गेला होता. प्रत्यक्षात ती टेबलाखालून आधीच आलेली होती. अनेक कर्मचारी स्वतःच्या फोनवरचे मोफत चॅटबॉट वापरून इंग्रजी ईमेल लिहीत होते आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता. एका ठिकाणी ग्राहकाची पूर्ण दरसूची अशा साधनात टाकून तक्ता करून घेतला होता. दुसऱ्या ठिकाणी वस्तूचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी वापरला जाणारा वस्तूच्या वर्गीकरणाचा क्रमांक, विचारला असता साधनाने आत्मविश्वासाने चुकीचा कोड दिला होता आणि तो बिलावर छापलाही गेला होता. पाच कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगाला बिलावर चार अंकी कोड आणि त्यावरच्या उलाढालीला सहा अंकी कोड लागतो, हे कार्यालयातील कर्मचाऱ्याला चांगले ठाऊक होते. मात्र साधनाने दिलेले उत्तर अधिकृत पोर्टलवर पडताळून पाहायचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. मालकांची भीती वेगळी होती. ड्रॉइंग आणि दर बाहेर जातील, म्हणून काहींनी ही साधने सरसकट बंद करण्याचा हुकूम काढला होता, आणि तो अर्थातच पाळला जात नव्हता.

या भेटींनंतर अभ्यासक्रमाचा क्रम उलटा झाला. साधन कसे वापरावे हा शेवटचा भाग झाला. साधनात काय टाकू नये, ग्राहकाची व कामगारांची माहिती कशी वेगळी काढावी, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा लहान कार्यालयाशी काय संबंध येतो, हा पहिला भाग ठरला. यंत्राने दिलेले उत्तर कशाशी ताडून पाहायचे, हा दुसरा आणि सर्वांत मोठा भाग होता. परीक्षाही त्यानुसार बदलली. बहुपर्यायी प्रश्नांऐवजी उमेदवाराला यंत्राने तयार केलेले एक कोटेशन, एक बिल आणि एक ईमेल द्यायचे, आणि त्यांतल्या चुका शोधून दुरुस्त करून घ्यायच्या, असे ठरले. हा बदल संपूर्ण प्रस्तावातील सर्वांत अस्सल भाग आहे, असे माझे मत आहे, कारण तो इतर कोणत्याही दस्तऐवजातून उचललेला नव्हता.

हिशेब

प्रस्तावाचा आकार चाळीस तासांचा ठरला: दर आठवड्याला चार तास, दहा आठवडे, आयटीआयच्या प्रयोगशाळेत कामाच्या वेळेनंतर, पंचवीस जणांची तुकडी, आणि शिकवायला कोपाचे शिल्पनिदेशक किंवा त्यांच्या तोडीचे स्थानिक प्रशिक्षक. उद्दिष्ट तोवर एक कोटीवर आले होते, पण ते केवळ दहा कोटी फार वाटले म्हणून. त्यामागे गणित नव्हते.

गणित वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने केले आणि स्प्रेडशीटमध्ये ते उभे करण्याचे काम ॲप बाजूला पडल्यामुळे नाराज असलेल्या विद्यार्थ्याने अंगावर घेतले. एका प्रशिक्षकाने एका वेळी दोन तुकड्या घेतल्या आणि वर्षात चार फेऱ्या केल्या, तर वर्षाला आठ तुकड्या, म्हणजे दोनशे प्रवेश होतात. पंचवीसपैकी अठरा जण शेवटपर्यंत टिकतील, असे सायंकाळच्या वर्गांचा अनुभव असलेल्या शिल्पनिदेशक बाईंशी बोलून गृहीत धरले. तेव्हा एका प्रशिक्षकामागे वर्षाला १४४ आणि पाच वर्षांत ७२० जण अभ्यासक्रम पूर्ण करतात. एक कोटी लोकांसाठी त्यामुळे सुमारे १४ हजार प्रशिक्षक लागतात. देशात शासकीय व खासगी मिळून आयटीआयची संख्या १४ हजारांच्या पुढे आहे, म्हणजे सरासरीने संस्थेमागे एक प्रशिक्षक. हा योग जुळल्यावर खोलीत थोडा उत्साह संचारला.

तो टिकला नाही. हे १४ हजार प्रशिक्षक पहिल्या दिवशी कोठून येणार, असा प्रश्न रबाळ्याच्या सदस्याने विचारला. कारखान्यात नवे मशीन आले तरी ऑपरेटर तयार व्हायला वेळ जातो, आणि येथे तर ऑपरेटर घडवणारे घडवायचे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मग प्रशिक्षकांची संख्या वर्षागणिक वाढती धरण्यात आली: २ हजार, ५ हजार, ९ हजार, १२ हजार आणि पाचव्या वर्षी १४ हजार. पाच वर्षांची बेरीज ४२ हजार प्रशिक्षक-वर्षे होते आणि तिला १४४ ने गुणल्यास ६०,४८,००० हा आकडा येतो. एक कोटी लिहिलेली स्लाइड त्या सायंकाळी पुसली गेली.

खर्चाची मांडणीही याच शिस्तीने झाली. तासाला ५०० रुपये मानधन धरून चाळीस तासांचे २० हजार, प्रयोगशाळा, वीज, इंटरनेट व साधनांचे १० हजार, परीक्षेचे ५ हजार आणि साहित्य व व्यवस्थापनाचे ५ हजार, असा एका तुकडीचा खर्च ४० हजार रुपये धरला. प्रवेशामागे तो १,६०० रुपये पडतो, पण अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यामागे २,२२२ रुपये पडतो, आणि टिपणात दुसराच आकडा द्यायचा असे संघाने ठरवले. सगळ्या तुकड्यांचा मिळून खर्च १,३४४ कोटी होतो. एका प्रशिक्षकाच्या तयारीवर ३० हजार धरल्यास १४ हजारांचे ४२ कोटी आणखी. ज्या बाबीवर सगळा डोलारा उभा आहे ती एकूण खर्चाच्या जेमतेम तीन टक्के आहे, ही गोष्ट या हिशेबातून प्रथम डोळ्यांसमोर आली, आणि सादरीकरणात तिला पूर्ण एक मिनिट देण्यात आले.

सराव

सादरीकरणाच्या सरावाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. स्लाइड कमी झाल्या, वाक्ये लहान झाली, घड्याळ लावून बोलण्याची सवय झाली. हे कोणताही जबाबदार संघ करतो. प्रश्नोत्तरांच्या सरावाची गोष्ट निराळी होती. संघाने तिघांना मुद्दाम विरोधक म्हणून बोलावले: वागळे इस्टेटमधील एक कारखानदार, त्याच शिल्पनिदेशक बाई आणि बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी. तिघांना टिपण दोन दिवस आधी दिले आणि सौजन्य न दाखवण्याची विनंती केली. काकांनी, म्हणजे निवृत्त अधिकाऱ्यांनी, ती विनंती अगदी मनावर घेतली.

या सत्रांतून तीन नियम तयार झाले. एका प्रश्नाला एकानेच उत्तर द्यायचे, आणि दुसऱ्याने त्यात भर घालायची नाही. गृहीतक असेल तेथे ते गृहीतक आहे हे आधी सांगायचे. आणि उत्तर ठाऊक नसेल तर ते कसे शोधता येईल एवढेच सांगून थांबायचे. पहिला नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण मोडायला सर्वांत सोपा तोच आहे. सहकाऱ्याचे उत्तर अपुरे वाटले की जीभ वळवळते, आणि मग परीक्षकांना संघातील मतभेद दिसतात.

दुसरा बदल माणसांच्या क्रमाचा होता. इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या रबाळ्याच्या सदस्याला सुरुवातीला केवळ प्रास्ताविकाची तीन वाक्ये दिली होती. सरावात कारखानदाराने कामाच्या वेळेबद्दल, पाळ्यांबद्दल आणि कर्मचाऱ्याला लवकर सोडण्याबद्दल विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला समाधानकारक उत्तर त्याच्याकडूनच मिळाले, आणि ते मराठीत मिळाले. “अरे, मग हाच भाग तू मराठीत बोल ना,” असे शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी म्हणाली आणि सादरीकरणाच्या मधली तीन मिनिटे त्याच्याकडे गेली. एक वाद मात्र बराच रेंगाळला. चुका असलेले नमुना बिल परीक्षकांच्या हाती देऊन त्यांनाच चुका शोधायला लावावे, अशी एकाची कल्पना होती. बाईंनी ती मोडीत काढली. परीक्षकांची परीक्षा घेऊ नये, त्यात जिंकले तरी हरायला होते, असे त्या म्हणाल्या. ते बिल टिपणासोबत कोणत्याही सूचनेविना जोडण्यात आले.

सादरीकरणाचा दिवस

इतर संघांच्या पडद्यावर पाच कोटी, वीस कोटी असे आकडे झळकत असताना या संघाने साठ लाखांपासून सुरुवात केली आणि एक कोटी का शक्य नाही हे पहिल्या दोन मिनिटांत सांगितले. परीक्षकांपैकी एकांनी लगेच टिपण उघडून हिशेबाचे पान काढले. जोडलेले बिलही एका परीक्षिकेने स्वतःहून वाचले आणि तिसरी चूक कोणती, असे प्रश्नोत्तरांत विचारले. एचएसएन कोडबद्दलचे ते उत्तर रबाळ्याच्या सदस्याने दिले.

निर्णायक प्रश्न मात्र गळतीचा होता. पंचवीसपैकी अठराऐवजी निम्मेच, म्हणजे सरासरी साडेबारा, लोक टिकले तर काय, असे परीक्षकांनी विचारले. स्प्रेडशीट तयार करणाऱ्या विद्यार्थ्याने कागद न पाहता सांगितले की तुकड्या तितक्याच चालतील, म्हणून खर्च १,३४४ कोटीच राहील. माणसे मात्र ६० लाखांवरून ४२ लाखांवर येतील आणि पूर्ण करणाऱ्यामागचा खर्च ३,२०० रुपये होईल. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर प्रवेश वाढवण्याऐवजी गळती थांबवावी लागेल, असेही त्याने जोडले. आकडे प्रस्तावाला चिकटवलेले नसून त्यातूनच आलेले आहेत, हे परीक्षकांना या उत्तरात दिसले असावे. पैसा कोठून येईल, या प्रश्नावर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेचा आधार घेतला, ज्यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारकच असल्याने, नव्या उमेदवारांपुरता हा मार्ग खुला आहे. आधीच नोकरीत असलेल्यांना तो लागू पडत नाही, हे तिने विचारण्याआधीच मान्य केले.

निकाल संघाच्या बाजूने लागला, तरी प्रस्तावात उणिवा आहेत आणि त्या या प्रकरणाचा भाग म्हणून नोंदवायला हव्यात. कामाच्या वेळेनंतरचे वर्ग स्त्री कर्मचाऱ्यांना कितपत जमतील, याचा विचार टिपणात एका वाक्यात उरकला आहे. डोंबिवली किंवा टिटवाळ्याहून रबाळ्याला येणारी आणि ठाण्याला गाडी बदलून घरी जाणारी स्त्री आठवड्यातून दोनदा रात्री आठपर्यंत थांबेल, हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. खासगी आयटीआयमधील प्रयोगशाळांची स्थिती सारखी नाही, आणि सरासरीने संस्थेमागे एक प्रशिक्षक हे समीकरण जिल्ह्यागणिक बिघडू शकते. तासाला ५०० रुपयांत, खासगी कंपनीत सहज नोकरी मिळवू शकणारा प्रशिक्षक पाच वर्षे टिकेल का, हाही प्रश्न उरतो.

परीक्षकांचा शेवटचा प्रश्न याहून अवघड होता. लहान कारखान्याच्या मालकाने आपल्या कर्मचाऱ्याला शिकायला पाठवले, आणि शिकून झाल्यावर तो दोन हजार रुपये जास्त पगारावर महाप्याच्या मोठ्या कंपनीत गेला, तर तो मालक दुसऱ्याला पाठवील का? संघाने तिसऱ्या नियमाप्रमाणे उत्तर ठाऊक नसल्याचे सांगितले आणि पहिल्या वर्षाच्या तुकड्यांत नोकरी बदलणाऱ्यांची नोंद ठेवावी, असे सुचवले. मालकाने पाठवायचे की माणसाने स्वतः यायचे, हा निर्णय प्रस्तावात मुळातच अर्धवट राहिला होता. सिंगापूरसारखे प्रशिक्षण-खाते शिकणाऱ्याच्या नावे उघडले, तर मालकाच्या इच्छेवरचे अवलंबन कमी होते; पण मग त्याच्याकडून वेळेची सवलत मिळवण्याचे साधनही हातून जाते. ही कोंडी पुढच्या संघाने सोडवायला घ्यावी, अशी सूचना शिल्पनिदेशक बाईंनी केली आहे, आणि त्यासाठी हिशेबाचे स्प्रेडशीट त्यांनी आपल्याकडे मागून घेतले आहे.